बेस्टचा धुराचा हिशेब

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईत घरी येणारे विजेचे बिल आणि नाक्यावर थांबणारी लाल बस एकाच संस्थेची. वीजही पुरवते आणि बसही चालवते अशी महापालिकेची संस्था देशात इतरत्र सहसा दिसत नाही. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ साली शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू हवेत सोडले. त्यांतला ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा, मुख्यतः विजेचा, आणि सुमारे २० टक्के वाहतुकीचा. म्हणजे या शहराची दोन मोठी दुखणी ज्या एका छपराखाली नांदतात, ते छप्पर बेस्टचे. वर्तमानपत्रे आणि तिथले कामगार तिला नुसते ‘उपक्रम’ म्हणतात.

उपक्रमाचे नाव आज इलेक्ट्रिक बसमुळे चर्चेत येते. चार-सहा विजेच्या बस पहिल्यांदा नोव्हेंबर २०१७ मध्ये बॅकबे आगारातून सुटल्या, तेव्हा नव्या युगाची पहाट वगैरे लिहिले गेले. खरे तर हे युग मुंबईला चांगलेच जुने आहे. १८७४ पासून या शहरात घोड्यांच्या ट्राम होत्या. १९०५ साली बेस्ट कंपनी स्थापन झाली, तिने ट्राम ताब्यात घेतल्या आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. सुरुवातीला कंपनी स्वतःच वीज बनवत असे, त्यासाठी कोळसा जळत असे. पण १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, पाठोपाठ भिवपुरी आले, आणि १९२५ पर्यंत बेस्टची सगळी वीज टाटांकडून येऊ लागली. भिरा त्यानंतर आले. लोणावळ्याच्या आसपास धरणांत साठलेला पाऊस घाटाखाली उतरायचा, जनित्रे फिरवायचा, आणि त्या विजेवर परळ-दादरकडची ट्राम चालायची. ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र १९५० च्या दशकाच्या मध्यात आले. त्याआधीची दोन-तीन दशके मुंबईची ट्राम बहुतांशी सह्याद्रीच्या पावसावर धावली. आज ज्याला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणून फलक लावले जातात, त्याच्या इतके जवळ हे शहर नंतर पुन्हा कधी गेलेले नाही. आणि त्या वेळी कुणाच्या ते ध्यानीमनीही नव्हते.

बस आली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. दुमजली बस १९३७ मध्ये. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. मग ट्राम रस्ता अडवते, मोटारींना वाट मिळत नाही, अशी तक्रार वाढत गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. मधल्या काळात गोवालिया टँक ते माझगाव अशी तारांवरची ट्रॉलीबसही आणून पाहिली, १९७१ मध्ये तीही बंद पडली. रूळ उखडले, तारा उतरल्या आणि विजेचा धंदा करणारी संस्था आपली वाहतूक डिझेलवर चालवू लागली. ज्या मोटारींसाठी रस्ता मोकळा केला त्या अजून कोंडीतच उभ्या आहेत, हे जाता जाता.

नव्वदच्या दशकात धुराचे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हापासून सीएनजी बस हळूहळू वाढल्या. काळा धूर कमी झाला, हवामानाच्या दृष्टीने मात्र फायदा माफक होता. सीएनजीही जीवाश्म इंधनच. पुढचे टप्पे वाचकांना बहुधा आठवत असतील. ऑगस्ट २०२२ मध्ये वातानुकूलित विजेच्या दुमजली बसचे अनावरण, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती रस्त्यावर, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुन्या डिझेल दुमजलीची अखेरची फेरी, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला. त्या दिवशी लोकांनी बसला हार घातले, फोटो काढले.

आता हिशेबाकडे वळू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शहरात रखडत चालणारी मोठी एसी डिझेल बस लिटरला सव्वादोन-अडीच किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला साधारण १.१५ किलो. तेवढीच विजेची बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज खाते. आपल्या देशातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला तर ०.८५ किलोच्या आसपास उत्तर येते. म्हणजे धूर नाहीसा होत नाही, नाक्यावरून उठून वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो आणि वाटेत पाव हिस्सा कमी होतो. थांब्यावर उभ्या माणसाच्या छातीला याचा फायदा मोठा आहे, तो कमी लेखू नये. ब्रेक लावताना बॅटरीत थोडी वीज परत येते आणि सिग्नलला उभे असताना इंजिन फुकट जळत नाही, म्हणून मुंबईसारख्या अडखळत्या शहराला ही बस शोभतेही. पुढे सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसा तिचा आकडा आपोआप उतरेल. डिझेल बसचा आकडा मात्र आहे तिथेच राहील.

पण बसचा खरा आकडा तिच्या पोटातल्या माणसांवर ठरतो. ०.८५ किलोत चाळीस माणसे असतील तर माणशी किलोमीटरला २१ ग्रॅम. दहाच असतील तर ८५. दुचाकीवर एकटा जाणारा माणूस साधारण ५० ग्रॅम सोडतो, मोटारीत एकटा बसलेला दीडशेच्या वर. म्हणजे बॅटरीची बस रिकामी धावली तर ती स्कूटरपेक्षा वाईट, आणि जुनी खडखडणारी डिझेल बस भरून धावली तर दोघींपेक्षा चांगली. ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ असे ओरडणारा वाहक या शहराच्या हवामानासाठी किती काम करत आला, याची नोंद कुठल्याच आराखड्यात नाही.

म्हणूनच बेस्टच्या बाबतीत माझी तक्रार बॅटरीबद्दल नसून बसच्या संख्येबद्दल आहे. २०१० च्या सुमारास उपक्रमाकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आज स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून तीन हजारांचा आकडाही गाठत नाही. याच काळात मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या पुढे गेली, आणि त्यांत दुचाकी निम्म्याहून अधिक. एक ढोबळ गणित मांडतो. रोज दहा किलोमीटर बसने जाणारे एक लाख प्रवासी दुचाकीकडे वळले, तर दिवसाला ५० टन कार्बन डायऑक्साइड वाढतो. डिझेल एसी बसच्या जागी विजेची बस आली आणि ती दिवसाला १८० किलोमीटर धावली, तर वाचतात सुमारे ५४ किलो. त्या एक लाख प्रवाशांचे नुकसान भरून काढायला नऊशेच्या वर विजेच्या बस लागतील. सगळेच दुचाकीकडे जातील असे नाही. काही लोकल धरतील, काही शेअर रिक्षा, काही पायी जातील. तरी प्रमाण ध्यानात यावे.

भाडेतत्त्वावरील बसचा घोळ इथेच येतो. पूर्वी वीज विभागाच्या कमाईतून वाहतुकीची तूट भरली जाई. वीज ग्राहकांच्या बिलातून होणारी ही वसुली पुढे थांबली आणि बस विभाग उघडा पडला. स्वतः बस विकत घेण्यापेक्षा कंत्राटदाराची बस, कंत्राटदाराचा चालक आणि किलोमीटरमागे ठरलेले पैसे, हा मार्ग निघाला. २०२२ मध्ये २१०० विजेच्या बसचे मोठे कंत्राट दिले गेले, पण बस ठरल्या वेगाने आल्या नाहीत. दरम्यान डिझेल-सीएनजीच्या छोट्या बस पुरवणाऱ्या काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून हात वर केले, ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसच्या चालकांनी पगारासाठी संप केला. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात विजेची भाड्याची बस गर्दीत घुसून अनेकांचे जीव गेले, तेव्हा क्लच नसलेल्या या गाड्यांवर चालकाला किती दिवस हात बसवू दिला होता, हा प्रश्न ऐरणीवर आला. या पद्धतीत कंत्राटदाराला किलोमीटरचे पैसे मिळतात. बसमध्ये दहा माणसे आहेत की पन्नास, याने त्याचा हिशेब बदलत नाही. बदलतो तो उपक्रमाचा, आणि हवेचा.

तिकीटदराचा प्रयोग मात्र या संस्थेने धाडसाने केला होता. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये, एसीला ६, असे खाली आणले आणि गळालेले प्रवासी परत चढू लागले. पुढे रोजची संख्या तीस लाखांच्या घरात गेली. हवामानासाठी म्हणून तो निर्णय कुणी घेतला नव्हता, पण माझ्या मते मुंबईने आजवर उचललेल्या, उत्सर्जन कमी करणाऱ्या सर्वांत परिणामकारक पावलांत तो मोडतो. मे २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट होऊन १० आणि १२ रुपये झाले. संस्थेची तूट पाहता वाढ अटळ होती असे म्हणणाऱ्यांशी वाद घालणे कठीण आहे. पण पालिका दरवर्षी बेस्टला जे पैसे देते त्यांची चर्चा तोटा भरण्याची रक्कम म्हणूनच होते. त्याच पैशांत किती लोक दुचाकीपासून दूर राहिले, हे विचारणारा आवाज क्वचितच ऐकू येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. लोकल, मेट्रो, दोन्हींतून उतरलेल्या माणसाला पुढचे दोन-तीन किलोमीटर बसच लागते, आणि बेस्टचे कितीतरी मार्ग याच तुकड्यावर जगतात. तिथे दर दहा मिनिटांनी येणारी साधी बस हवी. ती विजेची असली तर उत्तम. अर्धा तास बस येत नाही असे काही महिने झाले की माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो. नंतर बस वेळेवर येऊ लागली तरी तो लगेच परत येत नाही, कारण पुढची दोन-तीन वर्षे त्याला हप्ता भरायचाच असतो.