समुद्रावरचा दस्तरखान

मुलांनो, नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र पाहायचा असेल, तर पाच-सहाशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. नांदेडच्या घाटाला लागून वाहणारी गोदावरी समुद्राला मिळते खरी, पण ती दूर पूर्वेला, आंध्र प्रदेशात. आपल्या वाट्याला नदीच येते, समुद्र येत नाही. तरीही जहाज, बंदर, दर्या, खलाशी हे शब्द तुम्हांला नवे वाटणार नाहीत. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत व उर्दूत सारखेच रुळले. आज या ओळखीच्या शब्दांच्या सोबतीने आपण एका जहाजावर जाणार आहोत. मात्र आपल्याला इंजिन पाहायचे नाही की कप्तानाची खोलीही पाहायची नाही. आपल्याला पाहायचा आहे जहाजाचा भटारखाना.

पर्यटनासाठी समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या जहाजाला क्रूझ म्हणतात. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सारे कुटुंब त्यावर चार-आठ दिवस राहते. जानेवारी २०२४ मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचे असे एक जहाज अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघाले. त्यावर जास्तीत जास्त सुमारे साडेसात हजार प्रवासी आणि दोन हजारांहून अधिक कर्मचारी राहू शकतात. म्हणजे आपल्याकडचे एक मोठे गावच पाण्यावर तरंगते आहे असे समजा. या गावात शेत नाही, बाजार नाही, आणि मीठ संपले तर शेजारणीकडून आणायची सोयही नाही. वर गाव असे, की त्यात वीस-पंचवीस देशांची माणसे. एकाला सकाळी पाव-लोणी हवे, दुसऱ्याला भात आणि मासळी. कोणाला गोमांस चालत नाही, कोणाला डुकराचे मांस चालत नाही, तर कोणाला कांदा-लसूणही चालत नाही.

मग या सगळ्यांना जेवायला काय घालायचे?

हा प्रश्न आजचा नाही. तो आपल्या भागातल्या माणसांनाही पडलेला आहे. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात एखादे वृद्ध हाजीसाहेब असतील, तर त्यांना विचारून पाहा. मुंबईहून जिद्दाला हजयात्रेकरूंची जहाजे जात असत. मोगल लाइन या कंपनीची जहाजे त्यासाठी प्रसिद्ध होती. पुढे ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियामध्ये विलीन झाली. १९९५ साली 'अकबरी' जहाजाच्या फेऱ्या बंद झाल्या आणि मुंबई-जिद्दा हा हजचा समुद्रमार्गही थांबला. त्यानंतर यात्रेकरू विमानानेच जाऊ लागले. त्या काळी नांदेडचा यात्रेकरू छोट्या रुळांच्या गाडीने मनमाडपर्यंत जाई, तेथे गाडी बदलून मुंबई गाठी. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी मुक्काम होई. मग आठवडाभराचा समुद्रप्रवास.

फार पूर्वी या जहाजांवर साध्या वर्गाचे प्रवासी आपला शिधा बरोबर नेत आणि डेकवर स्वतःच शिजवून खात. कल्पना करा, हलणारे जहाज, उघडा डेक, समुद्राचा वारा आणि शेकडो माणसांच्या चुली! आगीची भीती असे, धूर होई आणि जागेवरून भांडणेही होत. पुढे कंपनीने शिजवलेले जेवण देण्याची पद्धत आली. तरी अडचण संपली नाही. जहाजावर केरळचा माणूस असे, बिहारचा असे, काश्मीरचा असे आणि मराठवाड्याचाही असे. सगळ्यांचा धर्म एक, पण जीभ एक नव्हे. भातावर वाढलेल्या माणसाला रोज रोटी दिली, तर त्याचे पोट भरते पण जेवल्यासारखे वाटत नाही. ज्वारीची भाकरी आणि आंबट डाळ यांवर वाढलेल्या माणसाचेही तसेच. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना आपल्याकडच्या बाया शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी पिशवीत टाकायला विसरत नाहीत. मला तर यात शहाणपण दिसते.

परधर्मी जहाजावर एकटा माणूस असला, की हा प्रश्न अधिक अवघड होई. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचा एक मुलगा मुंबईहून जहाजाने लंडनला निघाला. मांस खाणार नाही, असे वचन त्याने आईला दिले होते. जेवणाच्या खोलीत टेबलावर पदार्थ मांडलेले असत, पण त्यांपैकी कशात मांस आहे आणि कशात नाही हे वाढणाऱ्याला इंग्रजीत विचारण्याची त्याला लाज वाटे. काटे-चमचे कसे धरायचे हेही माहीत नव्हते. म्हणून तो आपल्या खोलीतच बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खाई. प्रवास सुमारे साडेतीन आठवड्यांचा होता. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. ही हकीगत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत सांगितली आहे. जहाजावर अन्न भरपूर होते, आणि तरी ते त्याच्या उपयोगाचे नव्हते.

आज असा मुलगा क्रूझवर गेला तर काय होईल? तिकीट काढतानाच त्याला विचारतील : आपण काय खाता? शाकाहारी, जैन, हलाल, यहुदी लोकांचे कोशर, साखर नसलेले, शेंगदाणा न चालणाऱ्यांसाठी वेगळे, अशी नोंद आधी होते. भारतात २०२१ सालापासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. त्यावर जैन प्रवाशांसाठी वेगळे जेवण मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियात 'अरोया' हे जहाज सुरू झाले. त्यावर हलाल अन्न असते आणि दारू मिळत नाही. ते निघते कोठून, तर जिद्दाहून! ज्या बंदरात आपले यात्रेकरू उतरत, त्याच बंदरातून आता कुटुंबे सहलीला निघतात. इतर देशांच्या जहाजांवर मात्र हलाल जेवण मिळेलच असे गृहीत धरून चालत नाही. ते आधी मागावे लागते, आणि विचारण्यात लाज बाळगून भागत नाही.

आता भटारखान्यात चला. पहिली गोष्ट तुमच्या लक्षात येईल ती ही, की येथे ज्वाला दिसत नाही. समुद्रात आगीसारखा शत्रू नाही, म्हणून स्वयंपाक बहुतेक विजेवर होतो. रोटीची भट्टीसुद्धा विजेची. शेगड्यांच्या कडेला लोखंडी पट्ट्या असतात, म्हणजे जहाज कलले तरी पातेले घसरून खाली येत नाही. मांस, मासळी, दूध आणि भाजी यांसाठी थंड खोल्या वेगवेगळ्या. थंड पदार्थ साधारण ५ अंश सेल्सिअसच्या आत आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या आसपास किंवा वर ठेवतात, कारण मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. घरी एखाद्याचे पोट बिघडले तर एकटाच आजारी पडतो. जहाजावर एका पातेल्यामुळे शेकडो माणसे अंथरुणाला खिळू शकतात. म्हणून जेवणाच्या दारातच हात धुण्याची सोय असते आणि तेथे हात धुवायला लावणारा माणूसही उभा असतो.

आणि पाणी? लातूरच्या मुलांना घरच्यांनी एप्रिल २०१६ ची गोष्ट सांगितली असेल. दुष्काळामुळे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. जहाजाची अवस्था त्याहून विचित्र. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण पिण्याजोगे घोटभरही नाही. म्हणून जहाजावर यंत्रे असतात. ती समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करतात, किंवा ते अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने गाळतात. मीठ मागे राहते, गोडे पाणी मिळते. डाळ शिजते ती या पाण्यात.

जेवणघरात शिरलात की डोळे फिरतील. एका बाजूला इटलीचा पास्ता, दुसरीकडे चिनी नूडल्स, पलीकडे मेक्सिकोचा टॅको, अरबांचा हम्मस, आणि एका कोपऱ्यात डोशाचा तवा. लहान मुलांसाठी टेबल वेगळे, बेताच्या तिखटाचे. पण नावे ऐकून घाबरू नका. पास्ता म्हणजे कणकेचे तुकडे उकळून केलेला पदार्थ. आपल्या आया वरणात चकोल्या सोडतात, त्याच घराण्यातला. टॅकोची पोळी मक्याची असते आणि ती भाकरीची दूरची बहीण शोभेल. हम्मस हे उकडून वाटलेल्या काबुली चण्यांचे. हरभरा पिकवणाऱ्या लातूरला चण्याचे काय नवल? अरबांचा हरीस हा गहू आणि मांस घोटून केलेला पदार्थ हैदराबादेत येऊन हलीम झाला, आणि हैदराबादचे जेवण म्हणजे आपले शेजारघरच. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होते. खिचडी-खट्टा आणि दालचा आपल्याकडे उगाच आलेले नाहीत.

उलट, ज्याला आपण अगदी आपले गावरान जेवण म्हणतो, तेच जहाजाने आले आहे. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका आणि पेरू ही सारी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांची जहाजे सोळाव्या शतकापासून ती आपल्या किनाऱ्याला आणू लागली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे. म्हणजे ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी या दोन्ही गोष्टी दर्यावर्दी आहेत! बटाटा, पाव, काजू, पपई हे मराठी शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. उर्दूत तुम्ही आलू म्हणता, पण अननस आणि पपीता तुमच्याकडेही त्याच वाटेने पोचले. ज्वारी तर त्याहून कितीतरी आधी आफ्रिकेतून आली.

जहाजावरचे अन्न नेहमीच असे श्रीमंत नव्हते. शिडांच्या जहाजांवरचे खलाशी महिनोन् महिने कडक बिस्किटे आणि खारवलेले मांस खात. ताजी भाजी-फळे नसल्यामुळे त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, अंगातली शक्ती जाई आणि पुष्कळ जण मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टराने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, तेच लवकर बरे झाले. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे घेतली. सरकारी काम तेव्हाही असेच चाले!

आता शेवटी हे सारे रांधणाऱ्यांविषयी. ब्रिटिशांच्या प्रवासी जहाजांवर कामे वाटलेली असत. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत. भटारखान्यात आणि जेवणघरात बहुतेक गोव्याचे लोक. त्यांना पाव भाजण्याची, सर्व प्रकारचे मांस रांधण्याची सवय होती. जहाज मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्यांत राहत. त्या खोल्यांना कूड म्हणत. खलाशांचे जेवण मात्र गोऱ्या साहेबांच्या चुलीवर होत नसे. त्यांचा स्वतंत्र स्वयंपाकी असे. त्याला भंडारी म्हणत. तो त्यांच्यासाठी डाळ-भात आणि कालवण करी.

आजही क्रूझच्या भटारखान्यात भारत, फिलिपाइन्स आणि इंडोनेशिया या देशांची माणसे मोठ्या संख्येने आढळतात. हॉटेलचे शिक्षण घेतलेली महाराष्ट्रातली मुलेही तेथे जातात. तुमच्यापैकी कोणी पुढे जाणार असेल, तर दोन्ही बाजू ऐकून ठेवा. पगार चांगला मिळतो, जग दिसते. पण एकदा चढले की कित्येक महिने घरी येता येत नाही. काम रोजचे, दहा-दहा तासांचे. जहाज बंदराला लागले तरी भटारखान्यातला माणूस खालीच, कारण त्याच दिवशी नवा शिधा चढतो. ईद असो की दिवाळी, प्रवाशांना जेवायचेच असते.

आणि वाया जाणाऱ्या अन्नाचे काय होते, हेही त्यालाच पाहावे लागते. पाहिजे तेवढे घ्या म्हटल्यावर माणसे ताटात डोंगर रचतात आणि अर्धा तसाच टाकतात. ते उरलेले अन्न वाटेल तेथे फेकता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते यंत्रात बारीक करून किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल दूर गेल्यावरच समुद्रात सोडता येते. बारीक केले नसेल तर बारा मैल. काही समुद्रांत नियम याहून कडक आहेत. प्लॅस्टिकला तर कोठेच परवानगी नाही. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तुम्ही लंगर पाहिला असेल. तेथे सारे एका ओळीत बसतात, सर्वांना एकच जेवण, आणि मागितले तेवढेच ताटात पडते. क्रूझवर प्रत्येकाचे ताट वेगळे. दोन्हीकडे हजारो माणसे जेवतात, पण दोन्हींच्या भटारखान्यातला हिशेब अगदी निराळा.

रात्री अकराच्या सुमारास जेवणघरातले दिवे मंद होतात. पाव भाजणाऱ्यांची पाळी तेव्हा सुरू होते, कारण सकाळच्या न्याहारीला हजारो पाव लागणार असतात. दिवसभर पास्ता आणि सुशी वाढलेली माणसे खालच्या मजल्यावर, कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात येतात. तेथे एक मोठे पातेले भाताचे असते आणि एक डाळीचे.