बेंजो पार्टीचा पेडलबोर्ड : आधी वीज, मग सूर

मुरबाड, प्रतिनिधी

तुळशीची लग्ने आटोपली की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत बेंजो पार्ट्यांच्या सुपाऱ्यांना सुरुवात होते. हळदीची रात्र आणि लग्नाची वरात हा या पार्ट्यांचा मुख्य हंगाम. तो थेट जूनच्या तोंडापर्यंत चालतो आणि भाद्रपदात गणपतीच्या मिरवणुकांनी पुन्हा डोके वर काढतो. या वाद्यमेळात ऑक्टापॅड, कीबोर्ड, ढोल-ताशे असे बरेच काही असले तरी गाण्याची चाल वाजते ती बेंजोवर. गायकाची जागा घेणारे हे वाद्य विजेवर चालू लागल्यापासून गिटारवादकांची ‘पेडल’ही त्याच्यासोबत आली. एखादे पेडल विकत आणणे सोपे असते. चार-पाच पेडल एका फळीवर बसवून ती रात्रभर न कुरकुरता चालवणे मात्र अवघड आहे, आणि ऐन हळदीत आवाज गेला तर पुढची सुपारी शेजारच्या गावच्या पार्टीकडे जाते. म्हणूनच पेडलबोर्ड कसा निवडावा अथवा बांधावा, हा प्रश्न वादकांच्या दृष्टीने हौसेचा नाही, हंगामाच्या कमाईचा आहे.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी काही संबंध नाही. जपानमधील नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवलेले एक तंतुवाद्य तयार केले. तैशो कालखंडाच्या आरंभी जन्मल्यामुळे त्याला ‘तैशोगोतो’ हे नाव मिळाले. तेच वाद्य भारतात आले, उत्तरेत बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झाले आणि महाराष्ट्रात बेंजो. मुंबईच्या वस्त्यांतील या वाद्यपथकांवर रवी जाधव यांनी रितेश देशमुख यांना घेऊन २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. तेव्हा शहरी प्रेक्षकांचे या वादकांकडे थोडे लक्ष गेले.

गिटारच्या पेडलांचा इतिहासही असाच अपघाती आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे एका गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू असताना यंत्रातील बिघाडामुळे बास गिटारचा आवाज फाटला आणि तो फाटलेला आवाजच ऐकणाऱ्यांना आवडला. ते गाणे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम साधणारे सर्किट बनवले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या बॉस कंपनीची छोटी, रंगीत, पायाने दाबायची पेडल आली आणि या धंद्याला आजचे स्वरूप मिळाले.

गिटारसाठी बनलेली ही पेडल बेंजोला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. गिटारवादक मंचावर एका जागी उभा असतो. त्याचा पाय मोकळा असतो. वरातीतला बेंजोवादक गाडीसोबत चालत असतो किंवा गाडीवर अवघडून बसलेला असतो. त्याचा एक हात बटणांवर, दुसऱ्या हातात नखी. पायाने पेडल दाबण्याची सोय नाही आणि हातही रिकामा नाही. त्यामुळे त्याची फळी कमरेच्या उंचीवर, नखीच्या हाताला एका क्षणात गाठता येईल अशी असावी लागते आणि गाण्याच्या मध्ये फार तर एकदा बटण दाबावे लागेल एवढेच बदल तिच्यात हवेत. सात-आठ पेडलांची मांडणी छायाचित्रात शोभते. वरातीत त्यातली निम्मी पेडल रात्रभर एकाच स्थितीत पडून राहतात.

दुसरा फरक वाद्याच्या नादाचा. बेंजोचा स्वर नखीच्या आघाताने एकदम उसळतो आणि लगेच विरतो. गायकाप्रमाणे स्वर लांबवायचा तर कॉम्प्रेसर उपयोगी पडतो. तो मोठा आवाज दाबतो आणि विरत चाललेला आवाज उचलून धरतो. त्याच्या पुढे सौम्य ओव्हरड्राइव्ह जोडला की स्वराला दाणेदारपणा येतो. डिस्टॉर्शन मात्र बेताने वापरावे. फाटलेल्या आवाजात दोन तारांचे स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवेच स्वर निर्माण होतात. षड्ज आणि पंचम एकत्र वाजले तर ते खपून जाते, इतर स्वरांची मात्र नुसती गुरगुर होते. बेंजोत चालीच्या तारांबरोबर आधारस्वराच्या ताराही असतात. डिस्टॉर्शन जास्त हवे असेल तर या तारा कापडाच्या पट्टीने दाबून ठेवलेल्या बऱ्या. कॉम्प्रेसरचा एक तोटाही आहे : तो बटणांची खटखटसुद्धा उचलतो. तेव्हा त्याची खुंटी अर्ध्यावर ठेवावी.

पेडलांचा क्रम हा नेहमीच्या वादाचा विषय असला तरी त्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. सर्वप्रथम ट्यूनर, कारण त्याला तारेचा शुद्ध आवाज मिळाला पाहिजे. त्यानंतर वॉ-वॉ असल्यास तो, मग कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, मग कोरस आणि शेवटी डिले अथवा रिव्हर्ब. डिले म्हणजे प्रतिध्वनी. प्रतिध्वनी आधी तयार करून तो नंतर फाडला तर सगळे प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात आणि चाल हरवते. आधी फाडून मग त्याचा प्रतिध्वनी काढला तर प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. या क्रमात फेरफार करून चांगले वाजवणारे वादकही असतात, परंतु सुरुवात येथून करणे शहाणपणाचे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विजेकडे. पेडल निवडण्यात वादक महिने घालवतात आणि त्यांना वीज पुरवणारा अॅडाप्टर मात्र घरातला कुठला तरी जुना उचलतात. बोर्डावरच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे सापडते. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि त्यांच्या पिनेच्या मधल्या भागात ऋण टोक असते. घरातील राउटर, सेट-टॉप बॉक्स यांच्या अॅडाप्टरची पिन दिसायला तशीच, पण मधले टोक बहुधा धन आणि व्होल्टेज अनेकदा १२. अशी पिन पेडलात खुपसली तर ते क्षणात जळू शकते. जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरवाले स्वस्त अॅडाप्टर ९ व्होल्ट लिहिलेले असूनही भार नसताना १२-१३ व्होल्ट देतात. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन आधी तपासणे, हा या संपूर्ण खर्चातला सर्वांत सार्थ खर्च ठरावा.

त्यानंतर हिशेब प्रवाहाचा. साधे ओव्हरड्राइव्ह दहा मिलीअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह घेते, अॅनालॉग कोरस वीसच्या आसपास. डिजिटल डिले मात्र साठ-सत्तर मिलीअँपिअर खातो आणि ट्यूनरचे दिवे पूर्ण तेजाने लावले तर तोही ऐंशीपर्यंत जातो. म्हणजे चार पेडलांची बेरीज पावणेदोनशेच्या घरात. अॅडाप्टर याच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा. अॅडाप्टरची क्षमता जास्त असली तर पेडलाचे काही बिघडत नाही. पेडल आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. व्होल्टेज मात्र जास्त चालत नाही. हे दोन आकडे एकमेकांत मिसळल्याने अनेक पेडल वाया जातात. चौकोनी ९ व्होल्टच्या अल्कलाइन सेलची क्षमता साधारण ५०० मिलीअँपिअर-तास असते. एकटा डिले त्यावर सहा-सात तास चालेल, पण स्वस्त साध्या सेलवर त्याहून बराच कमी. त्यामुळे सेल अडीअडचणीला खिशात असावेत, त्यांच्यावर हळदीची रात्र सोपवू नये.

एकाच अॅडाप्टरला फाटे फोडून सगळी पेडल जोडण्याची पद्धत स्वस्त पडते, पण डिजिटल पेडलाची सूक्ष्म शिट्टी त्या तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तेथे मोठी होऊन बाहेर पडते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पेडलाला स्वतंत्र, एकमेकांपासून अलग केलेला पुरवठा देणारा संच. तो महाग असतो. परवडत नसेल तर निदान डिले वेगळ्या अॅडाप्टरवर टाकावा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ग्रामीण भागात यात जनरेटरची भर पडते. वरातीच्या गाडीवर ध्वनिक्षेपक, दिवे आणि वाद्ये एकाच जनरेटरवर चालतात. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला अॅम्प्लिफायर जास्त वीज ओढतो आणि व्होल्टेज खाली-वर होते. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेला आधुनिक अॅडाप्टर हे चढउतार सहज पचवतो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला घरघरू लागतो. मिरवणुकीपुरते गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून ९ व्होल्टचा नियंत्रित पुरवठा काढणे हा मार्गही चांगला आहे. जनरेटरची घरघर त्यात येतच नाही.

घरघर थांबवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याची खोड मात्र जीवघेणी आहे. बेंजोची तार केबलच्या जाळीतून पेडलाच्या धातूच्या पेटीशी आणि पुढे मिक्सरच्या सांगाड्याशी जोडलेली असते. अर्थिंग तोडल्यावर मिक्सरमध्ये दोष आला तर तो प्रवाह थेट वादकाच्या बोटांत उतरतो. भाद्रपदातल्या ओल्या रस्त्यावर तर विचारायलाच नको. घरघर तोडायची असेल तर बोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये ‘डीआय बॉक्स’ बसवावा. त्यावरील बटणाने आवाजाच्या तारेतला जमिनीचा दुवा तुटतो, विजेचे अर्थिंग शाबूत राहते. ३० मिलीअँपिअरच्या गळतीला बंद पडणारा सुरक्षा स्विच गाडीवर असलाच पाहिजे. परंतु जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसेल तर तो स्विच काम करीलच असे नाही. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या आपल्या पार्ट्यांची आणखी एक अडचण आहे. गिटारच्या अॅम्प्लिफायरमधला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर टाकतच नाही. डिस्टॉर्शनची पेडल त्या स्पीकरला गृहीत धरून बनवलेली असतात. वरातीच्या गाडीवरचे भोंगे मात्र त्याच्या पुष्कळ वर जातात आणि तेच डिस्टॉर्शन तेथे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे ऐकू येते. पेडलात दोष आहे असे समजून वादक दुसरे पेडल आणतो, त्यातूनही तोच आवाज. येथे गरज असते स्पीकरच्या पेटीचा परिणाम देणाऱ्या ‘कॅबिनेट सिम्युलेटर’ची, अथवा निदान मिक्सरवर वरची पट्टी उतरवण्याची.

याच कारणासाठी प्रस्तुत प्रतिनिधीचा कल, वरात आणि हळदीपुरता तरी, सुट्या पेडलांपेक्षा ‘प्रोसेसर’कडे आहे. अनेक परिणाम एकाच पेटीत, एकच अॅडाप्टर, स्पीकरचा परिणाम आतच, आणि एका बटणात सगळी मांडणी बदलते. रसिक मंडळी त्याच्या आवाजाला नाके मुरडतात; त्यांचे म्हणणे शांत सभागृहात खरेही ठरेल. ज्यांचा ऑर्केस्ट्रा मंचावर वाजतो आणि ज्यांना स्वतःचा वेगळा नाद घडवायचा आहे, त्यांनी सुटी पेडल जरूर घ्यावीत. पण एकदम पाच घेऊ नयेत. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिले या तिघांवर एक हंगाम काढावा आणि खरोखर काय कमी पडते ते पाहून चौथे आणावे.

फळीसाठी तयार बोर्ड मागवण्याची गरज नाही. गावातला सुतारही ती करून देईल. बॉसच्या नेहमीच्या पेडलाची रुंदी ७३ आणि लांबी १२९ मिलिमीटर असते. शेजारी पिनेसाठी अडीच सेंटिमीटर सोडले तर ६० सेंटिमीटरच्या फळीवर सहा पेडल एका ओळीत बसतात. १२ मिलिमीटरचा पाणी न शोषणारा प्लायवूड घ्यावा, कारण सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसात साधा प्लाय फुगतो. पेडल वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवावीत, म्हणजे बिघडलेले पेडल क्षणात काढता येते. जोडण्याच्या छोट्या तारा काटकोनी पिनेच्या आणि शक्य तितक्या आखूड असाव्यात. बेंजोपासून बोर्डापर्यंतची मुख्य केबलही लांबवू नये. साध्या पिकअपचा आवाज लांब केबलमधून जाताना वरचा तजेला गमावतो. बोर्डापासून मिक्सरपर्यंत मात्र लांब तार चालते, फक्त पेडलांपैकी किमान एक ‘बफर’ असलेले हवे.

जुने पेडल घेताना खुंट्या फिरवून खरखर ऐकावी, बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहावे आणि पिनेची जागा हलवून आवाज तुटतो का ते तपासावे. आपल्याकडे यात आणखी एका तपासणीची भर घालायला हवी. हळद आणि गुलाल यांची भुकटी खुंट्यांच्या फटीतून आत जाते आणि दमट हवेत तेथेच घट्ट बसते. वाजवताना बोर्डावर पारदर्शक प्लास्टिक टाकावे, हंगाम संपल्यावर खुंट्यांत संपर्क स्वच्छ करणारा स्प्रे मारावा आणि सेल काढून ठेवावेत. आत विसरलेला सेल पावसाळाभर पाझरला तर गणपतीच्या पहिल्याच मिरवणुकीला पेडल मुके झालेले असते.