दाढी, मुलाखत आणि रोजगार

मुलाखतीला जाताना दाढी काढावी का, असा सवाल नोकरी शोधणारी मुले आमच्या गल्ल्याशी येऊन विचारतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले. जबाबही धंद्याचाच देतो. गाठ सोडली की गिऱ्हाईक आधी किनार पाहते, पोत नंतर चाचपते. काही साहेबांना दाढीच खटकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळांना खटकते ती विस्कटलेली दाढी.

म्हणून हज्जामाकडे दोन दिवस आधी जावे, आदल्या रात्री नव्हे. वस्तरा लागला, पुरळ उठले, तर निवायला वेळ मिळतो. मान व गाल साफ, मिशा ओठावरून कातरलेल्या, दाढी धुऊन विंचरलेली असावी. नवी दाढी ठेवायची तर महिनाभर आधी. आठ दिवसांचे खुंट आळसाचेच दिसतात. अत्तर बेताने, बंद खोलीत ऊद डोक्यात चढतो.

कामाचे नियमही आधी विचारावेत. औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत दाढीवर जाळी बांधायला लावतात; त्यात अपमान कसला? विषारी वाफेच्या कामात घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, तिथे अडचण खरी आहे. हवाई दलाचा दाढीबंदीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली कायम ठेवला.

इतर ठिकाणी ‘दाढी काढाल का?’ असे विचारलेच तर चिडू नये. ‘लेखी नियम असेल तर दाखवावा, जाळी बांधायला तयार आहे,’ एवढे शांतपणे सांगावे. अर्जावरचा फोटोही आजच्या चेहऱ्याचाच लावावा. नाहीतर दारावरच खोळंबा होतो.