संकेतस्थळाचा सौदा : आधीं पैसा कीं आधीं माल ?

संकेतस्थळ ही विकत घेण्यादेण्याजोगी वस्तु आहे, ही गोष्ट अजूनही पुष्कळ सुशिक्षित घरांत नवीन वाटते. घरांतला मुलगा किंवा सून पांचसहा वर्षें रोज रात्रीं बसून पाककृतींचें, परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचें किंवा किल्ल्यांच्या माहितीचें एक स्थळ चालवीत असते, त्यावर जाहिराती येतात, महिन्याकाठीं कांहीं रक्कम बँकेंत जमा होते, आणि एके दिवशीं कोणी परका मनुष्य पत्र पाठवून विचारतो, "हें स्थळ विकतां काय?" किंमत बहुधा मासिक उत्पन्नाच्या पटींत ठरते, म्हणजे दोनतीन वर्षांची मिळकत एकदम हातीं यावयाची असते. घरांत आनंद होतो. त्या आनंदाच्या भरांत जो प्रश्न विचारावयाचा राहून जातो, त्याच प्रश्नासंबंधीं आज बोलावयाचें आहे : आधीं पैसा कीं आधीं माल ?

मंडईंत भाजी घेतांना हा प्रश्न उत्पन्न होत नाहीं. एका हातानें मेथीची जुडी घ्यावी, दुसऱ्या हातानें पैसे द्यावे, व्यवहार संपला. घर विकतांना तो उत्पन्न होतो, म्हणून तेथें इसारपावती, खरेदीखत आणि दुय्यम निबंधकाची कचेरी यांची योजना झालेली आहे. परंतु संकेतस्थळ विकणारा सांगलीस आणि घेणारा टोरंटोस असला, म्हणजे दोघांना एकमेकांचें तोंडही दिसत नाहीं. मालाला वजन नाहीं, पैशाला आवाज नाहीं, आणि दोघांपैकीं कोणीतरी आधीं हात मोकळा केल्यावांचून गाडी पुढें सरकत नाहीं. जो आधीं हात मोकळा करील त्याच्या माथीं सगळी जोखीम. लबाडाची सारी कारागिरी चालते ती एवढ्याचसाठीं, कीं आपण मागें राहावें आणि दुसऱ्यानें आधीं हात मोकळा करावा.

प्रथम माल म्हणजे काय तें पाहूं. स्थळावरील लेख आणि चित्रें यांच्या नकला कितीही काढतां येतात; खरी एकच एक वस्तु म्हणजे स्थळाचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात. हें नांव रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या एखाद्या नोंदणी कंपनीच्या दप्तरीं आपल्या खात्यावर चढलेलें असतें. तें दुसऱ्या कंपनीकडे न्यावयाचें तर एक गुप्त संकेत, म्हणजे ऑथ कोड, घेणाऱ्यास द्यावा लागतो, आणि थोड्याच दिवसांत नांव तिकडे जातें. उभयतांचीं खातीं एकाच कंपनींत असलीं, तर तेंच काम कांहीं मिनिटांत होतें. गेलेलें नांव परत आणणें मात्र मिनिटांचें काम नव्हे. कंपनी म्हणते, संकेत तुम्हींच दिला. आणि नांव तोंवर तिसऱ्याच देशांतल्या चौथ्याच मनुष्याच्या खात्यावर गेलेलें असतें.

पैशाची गत याच्या अगदीं उलट आहे. माल गेला म्हणजे गेला, पण पैसा आला म्हणजे आला असें नाहीं. पेपॅल या प्रसिद्ध कंपनीमार्फत रक्कम आली, खात्यावर आंकडा दिसला, विकणाऱ्यानें नांव देऊन टाकलें. तरी घेणाऱ्यास तक्रार नोंदविण्यास त्या कंपनीच्या नियमानें १८० दिवसांची मुदत असते. 'वस्तु पोंचली नाहीं' किंवा 'सांगितल्यासारखी निघाली नाहीं' एवढें त्यानें लिहिलें, कीं रक्कम अडकून पडूं शकते आणि पुराव्याचें ओझें विकणाऱ्याच्या शिरावर येतें. टपालानें धाडलेल्या वस्तूची पोंचपावती दाखवितां येते. अदृश्य वस्तूची कोठून दाखवावी? क्रेडिट कार्डाचेंही तसेंच. कार्ड चोरीचें असलें, तर त्याचा खरा मालक महिन्या-दोन महिन्यांनीं हिशेब पाहतो, बँकेकडे हरकत घेतो, आणि ती रक्कम विकणाऱ्याच्या खात्यांतून उलट वळती होते. याला चार्जबॅक म्हणतात. यांत बँकेला दोष देतां येत नाहीं. ग्राहकाच्या रक्षणासाठीं केलेली ती चांगली सोय आहे. चांगल्या सोयीचा आडोसा लबाडानें घ्यावा, ही जुनीच रीत.

अमेरिकेंतल्या चेकाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथील १९८७ च्या कायद्यानें, भरलेल्या चेकाची रक्कम बँकेला थोड्या ठराविक दिवसांत खातेदारास उचलूं द्यावी लागते. चेक खरा कीं खोटा याचा उलगडा त्यानंतरही होऊं शकतो. लबाड ग्राहक ठरलेल्या किंमतीपेक्षां जास्त रकमेचा चेक पाठवितो, 'चुकून अधिक गेले, वरची रक्कम तेवढी परत धाडा' म्हणून विनवितो, आणि भला मनुष्य ती धाडतो. पुढें चेक खोटा ठरला, कीं बँक सगळी रक्कम परत मागते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडचा प्रकार यू. पी. आय.चा. 'पैसे पाठवितों' म्हणून सांगून ग्राहक एक क्यूआर चिन्ह पाठवितो आणि तें टिपून पिन दाबावयास सांगतो. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. तो लागतो केवळ देण्यासाठीं. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची जी सोय होती, ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करविली. क्यूआरचा मार्ग मात्र लबाडाला अजून मोकळा आहे. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हें तर चित्र आहे, पैसा नव्हे. परदेशांतून रक्कम निघाल्याचा स्विफ्टचा कागदही बनावट निघूं शकतो, आणि बँकेच्या नांवानें आलेला लघुसंदेशही. आपलें खातें आपण स्वतः उघडून त्यांत जी रक्कम दिसेल तिचाच विचार करावा, आणि ती कोणत्या वाटेनें आली तेंही पाहावें.

विकणाऱ्यास गांठणारा एक प्रकार मला सर्वांत कसबी वाटतो, कारण त्यांत नांवाची चोरी नाहीं कीं खोटा चेक नाहीं. एखादा ग्राहक अपेक्षेच्या चौपट किंमत देऊं करतो. पत्रें सभ्य, भाषा मुरलेल्या व्यापाऱ्याची. मग म्हणतो, 'आमच्या भागीदारांच्या समाधानासाठीं या नांवाचें मूल्यांकन करून घ्या. अमुक संस्थेचा दाखला आम्ही मानतों.' विकणारा मनांत म्हणतो, हजारों डॉलरांच्या पुढें या फीचें काय ? फी भरतो, दाखला येतो, ग्राहक पुन्हां दिसत नाहीं. कारण ती संस्था त्याचीच. मूल्यांकन हवें असल्यास त्याचा खर्च घेणाऱ्यानें करावा, एवढेंच उत्तर लिहून पाठवावें.

आधीं पैसा कीं आधीं माल, हा पेच आजचा नव्हे. आपल्या पेढ्यांच्या व्यवहारांत जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार असे. माल जहाजांतून निघे, आणि तो सुखरूप पोंचला तरच हुंडीची रक्कम देणें लागे. शाहजोग हुंडी तर बाजारांत पत असलेल्या शाहालाच देय असे, वाटेल त्या उपटसुंभाला नव्हे. म्हणजे पैसा आणि माल यांच्यामध्यें एक अट तरी उभी करावयाची, नाहीं तर एक पतदार मनुष्य. हल्लींची एस्क्रोची पद्धति या दोहोंचा मिलाफ आहे. दोघांनीं अटी मान्य करावयाच्या. घेणाऱ्यानें रक्कम मध्यस्थाकडे भरावयाची. ती जमा झाल्यावर विकणाऱ्यानें नांव व सामग्री हवालीं करावयाची. घेणाऱ्यानें ठरलेल्या मुदतींत तपासून पसंती कळवावयाची. मग रक्कम विकणाऱ्यास मिळावयाची. हें काम करणारी एस्क्रो डॉट कॉम ही कंपनी १९९९ सालीं निघाली, तिला कॅलिफोर्निया राज्याचा परवाना आहे, आणि २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील फ्रीलान्सर कंपनीनें ती विकत घेतली. मेलबर्न येथें २००९ सालीं निघालेली फ्लिपा ही तर संकेतस्थळांची बाजारपेठच आहे. मध्यस्थाची दलाली लागते, ती वाचविण्यासाठीं 'आपण हा सौदा बाहेरच्या बाहेर करूं' असें समोरचा म्हणूं लागला, म्हणजे तो आपली दलाली वाचवीत नसून आपलें संरक्षण काढून घेत आहे असें समजावें.

पण लबाडानें हाही मार्ग सोडलेला नाहीं. तो स्वतःच मध्यस्थ सुचवितो, आणि नांवाजलेल्या मध्यस्थाची हुबेहूब नक्कल उभारतो; नांवांत एखादें अक्षर किंवा आडवी रेघ तेवढी अधिक. तेथें विकणाऱ्यास 'रक्कम जमा झाली, आतां नांव द्या' असें दिसतें. म्हणून मध्यस्थाचा पत्ता समोरच्याच्या पत्रांतल्या दुव्यावरून घेऊं नये. तो स्वतः टंकून उघडावा, आपल्या खात्यांत शिरून रक्कम जमा दिसते कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच नांवाला हात लावावा. घेणाऱ्यानेंही नांव प्रत्यक्ष आपल्या खात्यावर चढल्यावांचून पसंती कळवूं नये. विकणारा घाई करूं लागला तर मुळींच नये.

आतांपर्यंत विकणाऱ्याची कड घेतली, पण घेणाऱ्याचें नुकसान कधीं कधीं अधिक मोठें होतें. पी-टू-पी डॉट कॉम या नांवाची हकीकत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतल्या तिघा भागीदारांनीं तें २००५ सालीं १,६०,००० डॉलरांस घेतलें. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सींतील एका तरुणानें त्यांच्या खात्यांत शिरून तें आपल्या नांवावर केलें, आणि ईबेच्या लिलावांत एका व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूस १,११,००० डॉलरांहून अधिक किंमतीला विकलें. पैसे देणारा प्रामाणिक, विक्री उघड्या बाजारांत, आणि माल चोरीचा ! चोरास २००९ सालीं अटक झाली आणि २०११ सालीं पांच वर्षांची शिक्षा झाली. त्याही आधीं, १९९५ सालीं, केवळ एका बनावट पत्राच्या जोरावर एक फार मौल्यवान नांव पळविण्यांत आलें होतें. तें नांव येथें उच्चारण्याजोगें नाहीं, म्हणून देत नाहीं. मालकाला नांव परत मिळालें, २००१ सालीं न्यायालयानें साडेसहा कोटि डॉलरांची भरपाईही ठरविली, पण चोर परदेशीं पळाला आणि भरपाईचा बहुतेक भाग कागदावरच राहिला.

तेव्हां घेणाऱ्यानें विक्रेत्यास म्हणावें, 'या नांवाच्या नोंदींत मी सांगतों तें एक वाक्य आज संध्याकाळपर्यंत घाला.' ज्याच्या ताब्यांत नांव आहे त्याला हें सहज करतां येतें. पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. ताबा चोराजवळही असतो. पूर्वीं नांवाच्या मालकाची नोंद कोणालाही वाचतां येत असे. युरोपांतील गोपनीयतेचा कायदा २०१८ सालीं अमलांत आल्यापासून बहुतेक नोंदी झांकलेल्या असतात. तरी नांव कधीं नोंदलें गेलें आणि अलीकडे कंपनी बदलली काय, हें अजून दिसतें. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहांत तर १९९६ पासूनचीं जुनीं पानें जपून ठेवलेलीं आहेत. त्यांत त्या स्थळाचें जुनें पान काढून, त्यावर दिलेल्या पत्त्यावर 'आपण हें स्थळ विकीत आहां काय ?' असें एक पत्र टाकावें. यास खर्च कांहीं नाहीं. उत्पन्नाच्या आंकड्यांचीं चित्रें मात्र पाहूं नयेत. मूळ खातें पडदा जोडून समोर उघडून दाखवावयास सांगावें. जाहिरातींचें ॲडसेन्स खातें स्थळाबरोबर हस्तांतरित होत नाहीं, तेंही हिशेबांत धरावें.

सौदा अर्ध्यावर असतां 'आमचा बँकेचा क्रमांक बदलला आहे' असें पत्र आलें, तर पैसे थांबवावे. पत्र खऱ्या माणसाच्याच पेटींतून आलेलें असेल, पण त्या पेटींत दुसराच कोणी बसलेला असूं शकतो. आधींपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनीवर बोलून खात्री करावी. त्याच पत्रांत दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

इतकें करूनही फसगत झाली, तर लाजेनें घरांत चारचार दिवस गप्प बसण्याची आपल्याकडची खोड घातक आहे, कारण पैसा दर तासाला एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पळत असतो. केंद्रीय गृहखात्याच्या व्यवस्थेखालीं १९३० हा दूरध्वनि क्रमांक आहे. तेथें कळविल्यास पैसा ज्या बँकेंत असेल तेथें तो अडविण्याचा प्रयत्न होतो. त्याच दिवशीं आपल्या बँकेस लेखी कळवावें. नांव गेलें असल्यास आपल्या रजिस्ट्रारच्या गैरवापर विभागास लिहून नांव पुढें सरकूं न देण्याची मागणी करावी, आणि तें लिहितांना नोंदणीच्या जुन्या पावत्या, नूतनीकरणाचे पैसे भरल्याच्या तारखा आणि समोरच्याचीं मूळ पत्रें जोडावीं. या पावत्या स्थळ चालू असतांनाच छापून कपाटांत ठेवलेल्या बऱ्या. नांवाबरोबर बहुधा पत्रांची पेटीही जाते, आणि मग त्या काढावयाच्या कोठून?