खेळातली गोष्ट चित्रकथेत येते तेव्हा

व्हिडिओ गेममध्येही गोष्ट असते, हे आता नव्याने पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. ती गोष्ट खेळातून काढून चित्रकथेत मांडली आणि त्या चित्रांना थोडी हालचाल, संगीत व आवाज दिला, तर तिचे काय होते? या प्रकाराला इंग्रजी जगात ‘मोशन कॉमिक’ म्हणतात. आपण त्याला हलती चित्रकथा म्हणू. वरवर हा तंत्राचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात कथनाचा एक मूलभूत प्रश्न आहे. गोष्टीतला निर्णय कोणाचा, आणि त्याचा भार कोणी वाहायचा? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गोष्टी नव्या माध्यमांतून सांगू पाहणाऱ्यांना या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

दोन शेवट आणि एक पान

या रूपांतराचे ठळक उदाहरण जपानी खेळाचे आहे. हिदेओ कोजिमा यांनी दिग्दर्शित केलेला कोनामी कंपनीचा ‘मेटल गिअर सॉलिड’ हा खेळ १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आला. अलास्काजवळच्या एका काल्पनिक बेटावरील अण्वस्त्रतळ बंडखोर सैनिकांनी ताब्यात घेतला आहे आणि सॉलिड स्नेक नावाचा हेर एकटाच तिथे शिरतो, असे त्याचे कथानक. अमेरिकेतील आयडीडब्ल्यू या प्रकाशन संस्थेने २००४-०५ मध्ये त्यावर चित्रकथेचे १२ अंक काढले. चित्रे अॅश्ली वूड यांची, लेखन क्रिस ओप्रिस्को यांचे. २००६ मध्ये त्याच चित्रांना हालचाल, ध्वनी आणि संगीत जोडून प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात धरायच्या यंत्रासाठी ‘डिजिटल ग्राफिक नॉव्हेल’ तयार झाली.

मूळ खेळातली एक जागा इथे महत्त्वाची आहे. स्नेक पकडला जातो आणि त्याला विजेचे झटके दिले जातात. जिवंत राहण्यासाठी खेळणाऱ्याने एक बटण भराभर दाबत राहायचे असते. बोटे भरून येतात. शरण जाण्यासाठी वेगळे बटण दिलेले असते. ते दाबले तर मेरिल ही स्नेकची साथीदार शेवटी मरते. तग धरला तर ती वाचते. खेळणाऱ्याच्या बोटांचा थकवा इथे कथेचाच भाग होतो. मेरिल मेली तर ती आपल्यामुळे मेली, ही बोच खेळ संपल्यावरही उरते.

चित्रकथेला यातला एकच शेवट निवडावा लागतो. वाचकाने बटण दाबलेले नाही, त्यामुळे मेरिल वाचली तरी त्याचे श्रेय त्याला नाही आणि मेली तरी दोष नाही. याच खेळातला सायको मँटिस हा मनकवडा शत्रू खेळणाऱ्याचे मेमरी कार्ड वाचून त्याच्या सवयी सांगतो. त्याला हरवायचे, तर हातातल्या नियंत्रकाची वायर काढून यंत्राच्या दुसऱ्या खोबणीत लावावी लागते. कागदावर खोबण नसते. म्हणजे पात्रे, प्रसंग, संवाद हे सगळे चित्रकथेत येऊ शकते. खेळणाऱ्याची जबाबदारी तेवढी मागे राहते.

डिजिटल आवृत्ती करणाऱ्यांनी या उणिवेवर एक उपाय शोधला. वाचकाला चालू चित्र थांबवता येते, त्याच्या आत शिरता येते आणि त्यात दडलेले दुवे शोधून त्यांची जुळणी करता येते. कथा बदलण्याची मुभा वाचकाला नाही. पण ती उलगडण्याचे काम त्याच्याकडे आहे.

काय हलवावे, काय हलवू नये

छापील चित्रकथेतले चित्र एकसंध असते. त्यातला माणूस हलवायचा, तर त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करावे लागते आणि त्याच्यामागची रिकामी झालेली जागा नव्याने रंगवावी लागते. म्हणून हलत्या चित्रकथेसाठी काढलेले चित्र सुरुवातीपासूनच थरांत काढलेले बरे. पुढे सागाची खोडे, मध्ये माणूस, मागे तळे. कॅमेरा सरकला की जवळची खोडे भरभर सरकतात, तळे जवळजवळ जागचे हलत नाही आणि सपाट चित्राला खोली येते.

खरी अडचण वेळेची आहे. पान कधी उलटायचे, हे छापील चित्रकथेत वाचक ठरवतो. हलत्या चित्रकथेत ते बहुतेक वेळा यंत्र ठरवते. संवादाचे फुगे सावकाश वाचणाऱ्याच्या हातून निसटतात आणि भरभर वाचणाऱ्याला कंटाळा आणतात. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मधील ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेचे महत्त्व सविस्तर मांडले आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली आणि दुसरीत नुसती किंकाळी असेल, तर घाव वाचक आपल्या मनात घालतो. ही जागा हालचालीने भरून टाकली, तर वाचकाचे उरलेसुरले कामही संपते. त्यामुळे पाऊस, धूर, पापणी जरूर हलवावी. घाव मात्र चौकटींच्या मधेच राहू द्यावा.

स्थिर चित्र, चालता आवाज

स्थिर चित्राला काळ देण्याची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा नेमके हेच करते. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच म्हणजे ‘पोथी’. सूत्रधार एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, गाऊन आणि बोलून त्यातला प्रसंग उलगडतो आणि ते बाजूला ठेवून पुढचे घेतो. चित्र जागचे हलत नाही. आवाज, ठेका आणि थांबणे यांमुळे ते घडू लागते. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘वॉचमेन’ या गाजलेल्या चित्रकथेची १२ भागांची हलती आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा स्त्रीपात्रांसह सगळी पात्रे टॉम स्टेकशुल्टी या एकाच निवेदकाने बोलली. एकच गळा आणि अनेक पात्रे, हे चित्रकथीच्या श्रोत्याला ओळखीचे वाटावे.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० मधील खेळ याच वाटेवर उलट्या दिशेने येतो. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून पुढे जाते आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले जातात. खेळणाऱ्याच्या हाती काही नसते त्या वेळी खेळच जुन्या दृश्यकथनाचा आधार घेतो. हे प्रसंग सलग जोडले, तर हलत्या चित्रकथेचा आराखडा हाती येतो.

झाडीचा आवाज, मोहाची पहाट

आता हे सगळे आपल्या मुलखात आणून पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात, दंडारी उभ्या राहतात आणि वडशातून निघालेली नाटके गावोगावी रात्रभर चालतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या मुलखाजवळ कथनाचा आवाज तयार आहे. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, हे फुग्यात लिहून दाखवता येते. त्या बोलीचा हेल मात्र गळ्यातूनच यावा लागतो. इथे हलती चित्रकथा छापील चित्रकथेपेक्षा अधिक देऊ शकते.

पण गोष्ट कोणती? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे त्यांत असतात. मोह रात्री-पहाटे गळतो, उशीर केला तर जनावरे खातात, म्हणून उजाडण्याआधी निघावे लागते. आणि वेचताना तर सारखे वाकलेलेच असावे लागते.

यावर खेळ केला, अशी कल्पना करू. खेळणारा मोह वेचणारी बाई होतो. किती आत जायचे हे तो ठरवतो, वाघाच्या तावडीत सापडतो, मरतो आणि पुन्हा सुरू करतो. दहा वेळा मेल्यावर त्याला सुरक्षित वाट सापडते. इथेच धोका आहे. वाट शोधून जिंकता येते असे खेळाने शिकवले, की जी बाई खरोखर मेली तिची वाट चुकली होती, असा अर्थ नकळत निघतो. हल्ल्यानंतर ‘एवढ्या आत कशाला गेली?’ हा प्रश्न गावात, कचेरीत विचारला जातोच. खेळ त्याला दुजोरा देईल.

चित्रकथेत पुन्हा सुरुवात नाही. तिथे मेलेले माणूस मेलेलेच राहते आणि वाचकाला ते पाहावे लागते. अशा गोष्टीसाठी हे माध्यमाचे बळ आहे. पण खेळाने दिलेली एक गोष्ट रूपांतरात जपायला हवी: त्या बाईचा हिशेब. टोपली अर्धी भरली आहे, उजाडत आले आहे, पुढचे झाड तीस पावलांवर आहे आणि खाली फुलांचा सडा पडला आहे. खेळणारा त्या तीस पावलांपाशी स्वतः अडखळला असता. चित्रकथेने तिथे वाचकाला अडवावे. तीन चौकटींत टोपली थोडी थोडी भरत जावी, उजेड हळूहळू वाढावा आणि कोणी झाडीबोलीत तिचा हिशेब बोलून दाखवावा. मग चित्र थांबावे आणि पुढे जाण्याचे बटण वाचकाच्या हाती द्यावे. त्याने ते दाबल्याने शेवट बदलणार नाही. पण पुढचे पाऊल टाकण्याला तिच्याकडे कारण होते, हे त्याला कळलेले असेल.

खेळाचे कथानक चित्रांत आणणे तुलनेने सोपे आहे. त्यातला निर्णय वाचकापर्यंत पोहोचवायचा, तर काय हलवायचे यापेक्षा कुठे थांबायचे, हे आधी ठरवावे लागते. पुढचे चित्र कधी उचलायचे, हे पिंगुळीचा सूत्रधार जाणतो. झाडीपट्टीच्या चित्रकारांना आणि लेखकांना तेवढे साधले, तर नव्या यंत्रावरही गोष्ट आपलीच राहील.