तेल लावा, पण ओल्या अंगाला

हात उलले आहेत हे हरभऱ्याचे शेंडे खुडताना जितकं लख्ख कळतं, तितकं एरवी कळत नाही. पानांवरच्या बारीक लवेतून जी आंब पाझरते, ती मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. धड कातडीला तिचं फारसं काही वाटत नाही. पण बोटाच्या पेरावर केसाएवढी भेग असली, तरी हाताची आग आग होते. त्यात हे दिवस कापूस वेचणीचेही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं ओरबाडतात ते वेगळंच.

लातूर-नांदेडकडची हिवाळी हवा याला कारण आहे, पण दोष निव्वळ थंडीचा नाही. १२ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त १०.७ ग्रॅम बाष्प मावतं. ३० अंशांना ३०.४ ग्रॅम. पहाटे दव पडलं, म्हणजे हवा बाष्पाने पुरती भरलेली होती, असं धरू. तीच हवा दुपारी ३० अंशांपर्यंत तापली आणि तिच्यात नवं बाष्प आलं नाही, तर तिची आर्द्रता जेमतेम एक तृतीयांश उरते. मुंबईला समुद्र ही तूट भरून काढतो. बालाघाटाच्या पठारावर ती कोण भरणार? हवा मग मिळेल तिथून पाणी ओढते, आपल्या अंगातूनसुद्धा.

कातडीचा सगळ्यात बाहेरचा थर मृत पेशींचा. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंतच असते. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना: पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांखाली गेलं की तो कडक होतो आणि वाकवला की तडकतो. तळहात आणि तळपायांवर हा थर जाड असतो खरा, पण तिथे तेलग्रंथीच नाहीत. म्हणून टाचा आधी फुटतात.

कडक झालेली कातडी मऊ कशाने होते? तेलाने, असं कुणीही सांगेल. बोस्टनच्या आयर्विन ब्लँक यांनी १९५२ साली हे तपासून पाहिलं. पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे त्यांनी तेलात ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा कुठे लवचीक झाले. कातडीला मऊ करतं ते पाणी. तेलाचं काम ते पाणी उडू न देण्याचं.

हे एकदा पटलं की आपल्या काही सवयी उलट्या वाटू लागतात. अभ्यंगाचंच घ्या. आधी तेल चोळायचं, मग उटणं आणि साबण लावून तेच तेल घासून काढायचं. दिवाळीच्या पहाटे सुख वाटतं, त्याला माझी ना नाही. पण कोरड्या कातडीसाठी तेल आंघोळीनंतर हवं: अंग टॉवेलने नुसतं टिपायचं आणि ओल असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल लावायचं. तासाभराने खरखरीत अंगावर चोळलेलं तेल चकाकी देतं, ओल कुठून देणार?

आंघोळीचं पाणी कोमट बरं. कढत पाणी आणि साबण मिळून तो चुनाच धुऊन नेतात. कातडीचा सामू ५ च्या आसपास, तर साबणाचा ९ ते १०. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. एरवीही कितीतरी घरं बोअरवर चालतात. बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका बनवतं. तो बादलीच्या कडेला दिसतो. अंगावर बसलेला दिसत नाही. हिवाळ्यात साबण काख, जांघ आणि पावलांपुरता ठेवला तरी भागतं.

तेल कुठलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र मराठवाड्याच्या रानातच होतं. करडईच्या तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असतं. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, आणि त्या भिंतीतल्या एका महत्त्वाच्या सेरामाइडला ते लागतंच. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना मेदरहित आहारावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या कातडीवर खवले आले. उलट, ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल जास्त. शेफील्डच्या संशोधकांना २०१३ साली दिसलं, की ते लावल्याने ही भिंत कमकुवत होते. सूर्यफुलाच्या, म्हणजे लिनोलिकवाल्या, तेलाने तसं झालं नाही. महागड्या बाटलीच्या मोहात पडण्याआधी हे लक्षात असू द्यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, तरी सोयाबीनच्या रेट्यात करडईचं रान आटलं. घाण्यावर मात्र तेल अजून मिळतं.

भेगाळलेल्या हातापायांना एवढ्याने भागत नाही. पाणी अडवण्यात व्हॅसलीनची बरोबरी कुठलंच खायचं तेल करत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. ते थोडं पाणी मिसळून लावावं आणि वरून व्हॅसलीन. जाड टाचांसाठी मेडिकलमध्ये युरियाचं १० टक्क्यांचं मलम मिळतं. भेग रक्ताळलेली असेल तर ते झोंबतं, तेव्हा आधी ती भरू द्यावी. मधुमेह असेल तर अशी भेग डॉक्टरांना दाखवलेलीच बरी. युरियाचा रेणू म्हणाल तर खताच्या गोणीतलाच. पण गोणीतल्या दाण्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि तो पिकासाठी दिलेला असतो, टाचांसाठी नाही.