संगणकाचीही उलटतपासणी झाली पाहिजे

न्यायालयात माणूस साक्षीला उभा राहिला की त्याची उलटतपासणी होते. तो कोठे होता, त्याने काय पाहिले, त्याला कोणी पढवून आणले, असे प्रश्न विचारले जातात. मात्र ‘आरोपीच्या संगणकात पत्रे सापडली’ असे म्हटले की सारेच गप्प होतात. वृत्तवाहिन्या तर त्याच रात्री निकाल देऊन मोकळ्या होतात. यंत्र खोटे बोलत नाही, असा समज पसरवला गेला आहे. यंत्र खोटे बोलत नसेलही. पण यंत्रात खोटे आणून ठेवता येते, त्याचे काय?

भीमा कोरेगाव येथे १ जानेवारी २०१८ रोजी आंबेडकरी जनतेवर हल्ला झाला. त्यानंतर एल्गार परिषदेच्या गुन्ह्यात १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन, नागपुरात अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग आदींच्या घरांवर छापे पडले आणि ६ जूनला अटका झाल्या. खटल्याचा मोठा आधार होता संगणकात सापडलेली पत्रे. म्हणून संगणकाची तपासणी कशी होते, हे आपल्या समाजाने समजून घेणे ही आता चैन राहिलेली नाही.

जप्त केलेला संगणक थेट सुरू करून पाहायचा नसतो. तो नुसता सुरू केला तरी आतील नोंदी बदलतात. म्हणून हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही असे उपकरण मध्ये जोडून तिची हुबेहूब प्रत काढतात. तिला ‘इमेज’ म्हणतात. मग त्या प्रतीची ‘हॅश व्हॅल्यू’ काढतात. हा आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक ठसा असतो. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. जप्तीच्या वेळचा ठसा आणि न्यायालयात आलेल्या प्रतीचा ठसा जुळला, तर मध्यंतरी कोणी हात लावला नाही हे सिद्ध होते. पुढे एनकेस, एफटीके किंवा फुकट मिळणारे ऑटोप्सी यांसारखे सॉफ्टवेअर त्या प्रतीतून पुसलेल्या फायली, त्या केव्हा आल्या, उघडल्या का, कोणता प्रोग्राम कधी चालला, याचा माग काढते.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे आहेत. फाइल संगणकात आहे का, हा पहिला. ती तेथे कोणी ठेवली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारायचाच नाही, हा न्याय नव्हे.

विल्सन यांच्या वकिलांनी तो दुसरा प्रश्न विचारला. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिस्कची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या ई-मेल खात्यावरून आलेल्या फाइलद्वारे नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला आणि जवळपास २२ महिने तो दुसऱ्याच्या ताब्यात राहिला. लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रे आणून ठेवली गेली; ती त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण नाही. लॅपटॉपवर वर्ड २००७ होते आणि काही पत्रे मात्र वर्डच्या त्यानंतरच्या आवृत्तीत तयार झालेली! गडलिंग यांच्या संगणकाबाबतही जुलै २०२१ मध्ये असाच निष्कर्ष आला.

एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत. ठीक आहे. दोन तज्ज्ञांचे मत वेगळे असू शकते आणि त्याची कसोटी उलटतपासणीतच लागते. पण उलटतपासणीची वेळ येईपर्यंत माणसाने वर्षानुवर्षे तुरुंगात का राहावे? विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले. त्यांच्या संगणकातही घुसखोरी झाली होती, असे सांगणारा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. त्यांना तो वाचता आला नाही.

कायदा याबाबत मुका नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, मूळ उपकरणाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते. आणि पी. गोपालकृष्णन खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केले की मेमरी कार्डातील मजकूर हा दस्तऐवज आहे. पीडितेच्या खासगीपणासारखी अडचण नसेल तर आरोपीला त्याची प्रत मिळाली पाहिजे.

हे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत. आज गावातल्या पोराचा मोबाइलही जप्त होतो. अशा वेळी चित्रीकरण होते आहे का ते पाहा. पंचनाम्यावर उपकरणाचा क्रमांक आणि हॅश व्हॅल्यू लिहिण्याचा आग्रह धरा. नकार मिळाला तर वकिलामार्फत तत्काळ न्यायालयात लेखी अर्ज द्या. दोषारोपपत्रासोबत नुसते छापील कागद घेऊन गप्प बसू नका, डिस्कची प्रत मागा. ओळखीच्या नावाने आलेली फाइलही शहानिशा केल्याशिवाय उघडू नका.

आणखी एक. आपल्या समाजात आज संगणक अभियंते कमी नाहीत. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणाऱ्यांपैकी काहींनी हे शास्त्र शिकावे आणि चळवळीच्या वकिलांशेजारी बसावे. अमेरिकेतील संस्था प्रत्येक तालुका न्यायालयात येणार नाही. बाबासाहेबांच्या संविधानाच्या कलम २१ ने कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, अशी हमी दिली आहे. ती रीत आता हार्ड डिस्कपर्यंत पोहोचली आहे. आपणही तेथपर्यंत पोहोचले पाहिजे.